धुऱ्याबाहेरून विचारायचा प्रश्न

माणिकराव बुधवारी बोरीच्या पलीकडच्या एका शिवारात शेत दाखवायला गेला. दुपारी तिथे त्याचा खून झाला. मी त्या दिवशी जिंतूरला रजिस्ट्री कचेरीत होतो.

ही गोष्ट मला सांगायला त्याचं गिऱ्हाईकच आलं. सेलूकडचे एक किराणा दुकानदार होते. ते शेतातून रस्त्यापर्यंत पळाले, मिळेल त्या मालट्रकमध्ये बसले आणि कचेरीच्या पायरीवर येऊन टेकले. "मारलं हो. तुमच्या माणिकरावला मारलं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांच्या उपरण्याच्या टोकाला गाठ होती आणि ती गाठ काळी झाली होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो. आत मूठभर माती होती. पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं.

माती पाहून काय कळलं, हे सांगायचं तर आमचा धंदा थोडा उलगडून सांगावा लागेल. मी आणि माणिकराव जमिनीची दलाली करत होतो. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर आमच्या भागात शेतं हलू लागली होती. मास्तर, तलाठी, दुकानदार अशा पगार किंवा गल्ला असलेल्या माणसांना चार एकर आपल्या नावावर असावेत असं वाटू लागलं होतं. दलालाला लायसन नव्हतं, पाटी नव्हती. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात बसायचं, कोण विकणार आणि कोण घेणार हे कानावर ठेवायचं, दोघांना एका बाकावर आणायचं, इसार म्हणजे बयाणा करून द्यायचा आणि खरेदीखत होईपर्यंत दोघांचीही मनं फिरू द्यायची नाहीत. एवढंच आमचं कसब होतं.

आणि सगळं गुपचूप करायचं. सौदा मुठीत ठेवायचा, असं आम्ही म्हणत असू. मूठ उघडली की दुसरा दलाल तो फोडणार, नाहीतर विकणाऱ्याचा चुलता आडवा येणार. सातबारावर नाव असतं थोरल्याचं, तो राहतो परभणीत; नांगर धरतो धाकटा, त्याला पत्ता नसतो. म्हणून शेत दाखवायचं ते बहाण्यानं. बैल बघायला आलोय. विहिरीला पाणी किती लागलं ते बघायला आलोय. गिऱ्हाईकाला आम्ही आधी बजावायचो, हात मागं बांधून चला, झाडं मोजू नका आणि काही झालं तरी मातीला हात लावू नका. बैल बघायला आलेला माणूस माती चुरून बघत नाही.

त्या दुकानदारानं नुसती चुरली नाही, घरी म्हाताऱ्या वडिलांना दाखवायला म्हणून उपरण्यात बांधून घेतली. विकणाऱ्याचा धाकटा भाऊ पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभा होता. त्यानं ते पाहिलं. जवळ आला आणि माणिकरावला म्हणाला, "बैल मातीत घावतेत व्हय?" माणिकराव हसला. त्याला हसून वेळ मारून न्यायची सवय होती. कुऱ्हाड धाकट्याच्या खांद्यावरच होती.

माणिकराव आणि मी एका शाळेत शिकलो. तो मराठ्याचा, मी बौद्ध वस्तीतला. मी इंटरपर्यंत गेलो, तो दहावीला थांबला. तो बोलायचा, मी लिहायचो. शेतात गेलो की तो तिथल्या माणसाकडे पाणी मागायचा, अर्धा तांब्या प्यायचा आणि बैलांची वाखाणणी करत करत, मालकाकडे न बघता, तांब्या माझ्या हातात द्यायचा. मालक बघत राहायचा, पण माणिकरावचं बोलणं संपायचंच नाही, त्यामुळे त्याला मधे काही म्हणता यायचं नाही. त्या वर्षांत मला स्वतः कुणाकडे पाणी मागायची वेळच आली नाही. हे माझ्या लक्षातही तो गेल्यावर आलं.

तो गेल्यावर मला शेताची भीती बसली. पाऊलवाट, पिकातून येणारी सळसळ, कुणाची तरी हाक, अचानक थांबलेली मोट. दिवसाउजेडी हॉटेलात बसलो तरी पाठ भिंतीला लागलेली असावी असं वाटे. घरी पुस्तक उघडलं की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसे. माणिकरावच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे जायचो. त्या एकदाच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी आता हे काम सोडा." मी हो म्हणालो. पण मला दुसरं काम येत नव्हतं.

भीती एकट्या माझीच नव्हती. हॉटेलातल्या बाकांवरचे आम्ही सगळेच दलाल हलके बोलू लागलो होतो. तेव्हा मीरसाहेबांनी आम्हाला गोळा केलं. मीरसाहेब निजामाच्या काळापासून महसुलात होते, उर्दूतले जुने खासरे, म्हणजे जमिनीच्या नोंदी, वाचणारं त्यांच्याइतकं कुणी उरलं नव्हतं. रिटायर झाल्यावर ते दस्त लिहून देत. एका सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी त्यांनी आमचा वर्ग सुरू केला. पिकलेल्या मिशांचे, तंबाखू चोळणारे विद्यार्थी सतरंजीवर मांडी घालून बसायचे. सगळ्यांत मागे ताडकळसचे तुकाभाऊ. ते मूळ बैलबाजारातले, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मीरसाहेब, ह्या वयात शाळा? छड्या हातावर मारनार का पाठीवर?"

मीरसाहेब म्हणाले, "तुकाराम मियाँ, छडी मी मारणार नाही. मारणारे शेतात बसलेत."



वर्गाचा पहिला भाग कागदाचा असे. इसारपावतीत काय लिहायचं, मुदत कशी घालायची, चतुःसीमा कशा बघायच्या, हिस्सेदाराची संमती कुठे लागते. यातलं बरंच आम्हाला अर्धवट येत होतं आणि अर्धवट येण्यावरच आम्ही पोटं भरत होतो. दुसऱ्या भागाला ते जिवाचा धडा म्हणत. पण दोन्ही भाग त्यांच्या डोक्यात एकच होते. कोऱ्या इसारपावतीवर बोट ठेवून ते म्हणत, "इथे नाव कुणाचं, ते सगळे बघतात. कब्जा कुणाचा, हे कुणी लिहीत नाही. कागदावर एक माणूस असतो, जमिनीवर दुसराच असतो. तुमची गाठ पडते ती दुसऱ्याशी."

जाताना स्टँडवरच्या पानवाल्याला गाव सांगून जा. डोक्यावरून गेलेल्या ज्वारीत शिरू नका. गिऱ्हाईकाला पुढे ठेवा. ते एकेक सांगत आणि आम्ही मान डोलवत असू. माझ्या मात्र मनात प्रत्येक वाक्याला माणिकराव उभा राहत होता. ज्वारी नव्हती, पऱ्हाटी होती. गिऱ्हाईक पुढे होतं. गाव सगळ्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी मुख्य धडा सांगितला. जमीन कसणारा जो कुणी असेल, त्याच्याकडे धुऱ्याबाहेर थांबून पाणी मागायचं. धुरा म्हणजे शेताची शीव. त्यानं पाणी दिलं, तर आत पाऊल टाका. नाही दिलं, तर तिथूनच मागे फिरा, गिऱ्हाईक कितीही ओरडो. "ज्याला पाणी पाजलं त्याच्यावर आपल्या मुलखात हात उचलत नाहीत," ते म्हणाले. "हे कायद्याच्या पुस्तकात नाही. पण मी कायदा मोडताना पुष्कळ पाहिला, हे मोडताना पाहिलं नाही."

तुकाभाऊ म्हणाले, "म्हंजी तहान लागो न लागो, प्यायचं."

"प्यायचं."

खोलीत सगळ्यांना तो धडा पटला. सोपा होता, आपल्या रीतीतला होता. मीही मान डोलवली. घरी येताना मला कळलं की हा धडा माझ्या कामाचा नाही. पण कुठे बोललो नाही. वर्गात हात वर करून ते सांगणं मला जमलं नसतं.

त्यानंतर काही महिन्यांनी राणीसावरगावकडच्या एका शेताचं काम माझ्याकडे आलं. घेणारे गंगाखेडचे एक गुरुजी होते, रिटायर व्हायला आलेले, स्वभावाने भले. थोरल्या भावाला विकायचं होतं, तो गंगाखेडातच हमाली संघात मुकादम होता; कसत होता धाकटा. बोरीलाही असंच होतं. मी थोरल्याला विचारलं, धाकट्याला सांगितलंय का? तो म्हणाला, "तुमी तुमचं काम बघा ना. घरचं घरी बघू." नेहमीचं उत्तर होतं. हो असलं तरी हेच देतात, नाही असलं तरी हेच.

एसटीतून उतरून आम्ही चालत निघालो. गुरुजी उत्साहात होते, वाटेत विहिरीबद्दल, आंब्याच्या कलमांबद्दल बोलत होते. मी हूं हूं करत होतो. माझं लक्ष दोन्ही बाजूंच्या उभ्या ज्वारीकडे होतं. वारा नव्हता, तरी कुठेतरी पान हले आणि मी थांबे. गुरुजी म्हणाले, "काय हो खंदारे, काटा भरला का?" मी म्हणालो, "हो."

शेताच्या कडेला आखाडा होता, म्हणजे जनावरं बांधायचं, अवजारं ठेवायचं छप्पर. धाकटा त्याच्या दाराशी कडबा तोडत बसला होता. हातात कोयता होता. माझे पाय धुऱ्यापाशी आले आणि तिथेच राहिले. पलीकडे विहीर होती, तिच्या थारोळ्यात, मोट रिकामी होते त्या कुंडात, पाणी चमकत होतं.

"राम राम भाऊ," मी म्हणालो. "जरा पाणी मिळंल का?"

त्यानं वर पाहिलं. मला पाहिलं, गुरुजींना पाहिलं. "कोन गावचे?"

"जिंतूरचा."

"नाव?"

"खंदारे."

माझ्या अंगावरच्या स्वच्छ सदऱ्याकडे त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पुन्हा कडब्यावर कोयता मारला आणि म्हणाला, "पानी न्हाई."

गुरुजी हळूच म्हणाले, "अहो, विहीर तर भरलेली दिसतेय."

मीरसाहेबांचा धडा स्पष्ट होता. मागे फिरायचं. पण मी फिरलो नाही, पुढेही गेलो नाही. कारण मला त्या नकाराचा अर्थ लागत नव्हता. हा माणूस मला शेतामुळे नाही म्हणतोय की आडनावामुळे? शेतामुळे म्हणत असेल तर आमची पाठ वळताच तो उठेल. आडनावामुळे म्हणत असेल तर मग काहीच घडलेलं नाही, रोजचंच आहे. दुसऱ्या कुठल्या दलालाला त्या जागी हा प्रश्न पडला नसता. पाणी मिळालं किंवा नाही मिळालं, त्याला लगेच कळलं असतं. मला कोयता दिसत होता, त्याचा उठता पडता हात दिसत होता, आणि माझ्या कानात माणिकरावचं ते हसू होतं.

मग मी आमच्या धंद्यात कुणी करत नाही ते केलं. मूठ उघडली. धुऱ्याबाहेरूनच म्हणालो, "पाणी राहू द्या. एक विचारू? ह्या शेताचा सौदा चाललाय, तुमाला ठाऊक हाय का?"

कोयता थांबला. गुरुजींनी माझा दंड धरला.

तो म्हणाला, "ठाव हाय की. दादानं पंचमीलाच इचारलंय. माझा हिस्सा मला खालच्या रानात द्यायलाय. बघा ना जमीन, कोन अडवायलंय तुमाला?"

"मग पाणी..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"पान्याचं येगळं हाय," तो म्हणाला. रागानं नाही. भाव सांगावा तसं. मग उठला, आत गेला, तांब्या भरून आणला आणि गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी तांब्या धरला. माझ्याकडे पाहिलं. मग तोंड थोडं बाजूला करून ते प्यायले.

माझ्या पायांतला ताठरपणा गेला. हे मला लिहायला वेळ लागतोय, पण खरं आहे ते लिहितो. त्या क्षणी मला बरं वाटलं. वडिलांनी ज्याच्यापायी छप्पन साली धर्म सोडला, ज्या नकारावरून मी कॉलेजात असताना भांडलो, तो नकार ऐकून माझ्या जिवात जीव आला. मी धुरा ओलांडला, चारी बाजू फिरून गुरुजींना शेत दाखवलं, विहीर दाखवली. त्यांनी माती हातात घेतली आणि मी त्यांना अडवलं नाही. परतीच्या गाडीनं आम्ही गंगाखेडला आलो. उतरताना गुरुजी म्हणाले, "खंदारे, मी तांब्या परत द्यायला हवा होता." मी म्हणालो, "तहान लागली होती, गुरुजी." भीती गाडीत बसल्यावर परत आली होती, आणि तिच्या मागून आणखी काहीतरी आलं होतं, त्याला मी अजून नाव देऊ शकलो नाही.

रविवारी मी वर्गात हे सांगितलं. का सांगितलं ते ठाऊक नाही. कदाचित माणिकराव असता तर त्याला सांगितलं असतं म्हणून. सांगून झाल्यावर कुणी तंबाखू चोळेना. मीरसाहेबांनी चष्मा काढला, धोतरासारख्या मोठ्या रुमालानं बराच वेळ पुसला. म्हणाले, "खंदारे, मी तुम्हाला माझ्या पाण्याचा धडा दिला. तुमचं पाणी मला ठाऊक नव्हतं."

तुकाभाऊंनी विषय हलका करायचा प्रयत्न केला. "पन काय हो, उघड उघड इचारलं तुमी? सौद्याचं? धुऱ्यावरून? असं इचारत सुटलो तर दलाली कशाची ऱ्हाती? दवंडीच द्या की मग."

"दवंडी देऊ," मीरसाहेब म्हणाले. "आजपासून पाणी मागायचं नाही. विचारायचं. सौदा ठाऊक आहे का. एवढंच. तो हो म्हणाला तर आत, नाही म्हणाला तर परत."

त्यावर खूप बोलणं झालं. निम्म्या जणांनी पुढच्या रविवारपासून येणं सोडलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. असं विचारून बरेच सौदे मोडणार होते. तुकाभाऊ कुरकुरत राहिले, पण येत राहिले, आणि मला कळलं की तेही विचारू लागले होते. एकदा म्हणाले, "लय वंगाळ धडा दिलाय तुमच्या साहेबानं. गिऱ्हाईक माझ्यावर हसायलंय. पन रातच्याला झोप लागती."

मला त्या प्रश्नाचं दुसरं उत्तर एकदाच मिळालं. ताडकळसच्या अलीकडे एक शेत होतं. कसणारा माझ्याच वयाचा, अंगानं किडकिडीत, बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभा होता. मी धुऱ्याबाहेरून विचारलं. तो म्हणाला, "कोन्ता सौदा?"

आवाज चढला नाही. फक्त बैलावरचा हात थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. तो राग नव्हता. पायाखालचं कुणीतरी काढून घेतल्यावर माणूस जसा दिसतो तसा तो दिसत होता. बोरीच्या शिवारात माणिकरावनं शेवटी हेच पाहिलं असणार, मला वाटलं, आणि त्याला ते वाचायला वेळ मिळाला नसणार. मी म्हणालो, "तुमच्या भावाला विचारा. आमी आत येत न्हाई." गिऱ्हाईकाला हातानं मागे केलं आणि चालू लागलो. पळायचं नाही, असं मीरसाहेबांनी सांगितलं होतं. रस्ता दिसत होता, पण तो जवळ येत नव्हता. मागून पावलं ऐकू येत होती. खरोखर येत होती की मला वाटत होती, ते मी वळून पाहिलं नाही.

काही झालं नाही. आम्ही रस्त्याला लागलो. त्या भावांचं पुढे बोलणं झालं आणि शेत विकलं गेलं नाही, असं कळलं. थोरला माझ्या दारी येऊन शिव्या देऊन गेला. मी दार लावून आत बसून राहिलो आणि माझी बायको दाराला पाठ लावून उभी राहिली.

मीरसाहेबांचा वर्ग त्यांची तब्येत ढासळेपर्यंत चालला. ते गेल्यावर खोली सायकलवाल्यानं ट्यूब ठेवायला घेतली. तुकाभाऊ त्यांच्या आधी गेले, आजारानं, घरात. मी साठीपर्यंत दलाली केली. माणिकरावच्या जागी कुणाला भागीदार घेतलं नाही. दर शेताच्या धुऱ्याबाहेर थांबलो, दर वेळी विचारलं, आणि दर वेळी उत्तर येईपर्यंत घाबरलो. सवय झाली असं कधी झालं नाही. पाणी मी घरून बाटलीत नेत असे.

नवे दलाल आता मोबाइलवर नकाशा दाखवतात. एकदोघं भेटायला येतात, जुन्या दस्तांचं विचारतात. मी त्यांना कागदाचं सांगतो आणि प्रश्नाचंही सांगतो. ते ऐकून घेतात.

सुमनवहिनी परभणीत मुलाकडे असतात. माणिकरावला मारणारा शिक्षा भोगून आला, त्याच शेतात होता, तिथेच वारला. शेत आता त्याची मुलं कसतात. ते विकलं गेलेलं नाही.